कानाझावात एक बूट कमी

७ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून मी प्लास्टिकच्या बाटल्यांची लेबलं सोलत होते. तोक्योला लागून असलेल्या आमच्या उरायासूत बाटल्यांची गाडी शनिवारी येते. बाटली विसळायची, झाकण वेगळं, लेबल वेगळं, मग बाटली दाबून पिशवीत. अकरा वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालतात. तेवढ्यात नंदाचा फोन आला.

नंदा माझी पुण्याची मैत्रीण. ती जपानी शिकवते आणि यंदा सहा विद्यार्थ्यांना घेऊन तोक्योत आली होती. सहलीतला एक दिवस मोकळा होता आणि मुलांनी तो कानाझावासाठी राखून ठेवला होता.

"शैला, पाय मुरगळलाय माझा," ती म्हणाली. "हॉटेलच्या जिन्यात. सुजून टम्म झालाय. उद्या मुलांबरोबर जातेस?"

"केवढी आहेत मुलं?"

"वीस-बावीसची."

"मग त्यांना सोबत कशाला लागते?"

"बाकीच्यांना नाही लागत. मुग्धाला लागते."

मुग्धा कलामहाविद्यालयात धातुकाम शिकते. मिठाईवर चांदीचा वर्ख असतो ना, तसा सोन्याचा वर्ख कानाझावात पिढ्यानपिढ्या बनतो, आणि मुग्धाला तो शिकायचा होता. तिथल्या एका छोट्या कारखान्याला तिनं जपानीत पत्रं लिहिली. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं: जपानला येतच आहात, तर शुक्रवारी दुपारी तीनला या, बघू. त्यांनी घेतलं तर वसंतापासून सहा महिने तिथे शिकायला मिळणार होतं. नाही घेतलं तर जानेवारीपासून काकांच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलेलं.

"तिला जपानी येतं गं," नंदा म्हणाली, "पण जपान येत नाही. तू जा."

मी ऑफिसात रजा कळवली, तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या आणि लवकर झोपले.

सकाळी तोक्योच्या उएनो स्टेशनवर सहा जण रांगेत उभे होते. मी नाव सांगितलं आणि लगेच म्हणाले, "आता बूट काढा. मोजे दाखवा."

"काकू, सिक्युरिटी चेक का?" असं विचारणारा उंच मुलगा ओंकार. त्याच्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर बघत होता.

"आज दिवसभरात चार ठिकाणी बूट काढावे लागतील," मी म्हटलं. "इथे माणसाचे बूट कोणी बघत नाही. मोजे सगळे बघतात."

माझ्या पिशवीत मोज्यांचे जादा जोड असतातच. ओंकारला एक दिला. मुग्धाचे मोजे मात्र नवेकोरे, काळे, आणि बूटही नवे, काळे, नाडीचे. सगळा पोशाख मुलाखतीचा. चेहरा परीक्षेच्या सकाळचा. पुरी पुढे केली तर "नको काकू, आत्ता नाही जाणार," म्हणाली. मी तिला अर्धी खायला लावली.

शिंकान्सेननं (अतिवेगवान रेल्वे) कानाझावा अडीच तासांवर. नागानोच्या पुढे डोंगरमाथ्यांवर पांढरं दिसू लागलं, मग बोगद्यांमागून बोगदे, आणि एका बोगद्यातून बाहेर पडलो तर उजवीकडे एकदम समुद्र. तोक्योचा नव्हे, पलीकडचा, करडा आणि मोठ्या लाटांचा. मुलांनी खिडकीला नाकं लावली. मी लसणाच्या चटणीची डबी घट्ट बंद केली, कारण पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दुसऱ्यांदा मान वळवली होती.

कानाझावा स्टेशनाबाहेर लाकडाची एक प्रचंड कमान आहे, पिळलेल्या खांबांची. त्या खांबांना तिथल्या पारंपरिक डमरूसारख्या वाद्याचा घाट दिलाय. फोटो झाले. पाऊस भुरभुरत होता. या गावात पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, तो इथलाच रहिवासी आहे. मी प्रत्येकाच्या हातात एक रिकामी पिशवी दिली.

"ही कशाला?"

"कचऱ्याला. रस्त्यावर कचराकुंडी सापडणार नाही. तुमचा कचरा तुमच्याबरोबर तोक्योला येणार."

"म्हणजे आपण कचऱ्याला कानाझावा दाखवायचं," ओंकार म्हणाला. मला हा मुलगा आवडू लागला होता.

आधी बाजार पाहिला. छताखालच्या अरुंद गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना खेकडे. नुकताच हंगाम सुरू झाल्यानं लाल खेकडे रांगेनं मांडलेले, पायांना रबरबँड लावलेले. शाकाहारी मुलींनी नाकाला रुमाल लावले आणि तरी शेवटपर्यंत पाहिलं. एका विक्रेत्यानं ओंकारला शिंपल्यातला मासळीचा तुकडा खाऊ घातला. तो चालायला लागला तसं विक्रेत्यानं त्याला हातानंच थांबवलं: इथेच उभं राहून खायचं, शिंपला परत द्यायचा. खाऊन झाल्यावर ओंकारनं दोन्ही हातांनी शिंपला परत केला आणि वाकून नमस्कार केला. विक्रेता त्याच्याहून जास्त वाकला. मग हा आणखी वाकला. मी शर्टाला धरून त्याला बाहेर काढलं.

तिथून पायी केनरोकुएन. ही जुन्या सरदारांची बाग, आणि नोव्हेंबरात तिथे एक खास काम चालतं. हिवाळ्यात इथे ओला, जड बर्फ पडतो आणि पाइनच्या फांद्या मोडतात. म्हणून प्रत्येक झाडाशेजारी उंच बांबू उभा करून त्याच्या टोकापासून फांदीफांदीला दोर बांधतात. लांबून पाहिलं तर झाडावर मोठी उघडी छत्री धरल्यासारखं दिसतं. शिडीवर एक म्हातारा माळी होता. वरून तो दोराचं भेंडोळं सोडायचा, खालचा माणूस टोक पकडून फांदीला गाठ मारायचा. कोणी ओरडत नव्हतं. मुग्धा तिथेच खिळली.

"ते फांदी आवळत नाहीयेत," ती म्हणाली. "नुसता आधार देतायत. दोर किंचित सैल आहे, बघा."

मला काही सैल वगैरे दिसलं नाही. पण सकाळपासूनचं तिचं हे पहिलं आपणहून बोललेलं वाक्य, म्हणून मी हो म्हटलं.

दुपारी नदी ओलांडून जुन्या चहाघरांच्या वस्तीत आलो. लाकडी जाळ्यांची दुमजली घरं, ओला दगडी रस्ता, आणि दर चौथ्या दुकानात सोन्याचा वर्ख. चेहऱ्याला लावायचा, कॉफीवर टाकायचा, चॉकलेटला गुंडाळायचा. वस्तीच्या मागे टेकडीच्या पायथ्याशी लहान लहान मंदिरं आहेत. कारखानाही तिथून जवळच. तीनला अजून वेळ होता. मुग्धा हातातला फोन सारखा बघत होती, म्हणून मीच म्हटलं, "चला, एखाद्या मंदिरात बसू. तुझं डोकं शांत होईल."

चूक झाली म्हणायची तर ती इथे.

मंदिर छोटं होतं, माणसांचा वावर बेताचा. दारात गेन्कान (घरात शिरण्याआधी पादत्राणं काढायची जागा), तिथे लाकडी मांडणी. आम्ही पोहोचलो तेव्हा एका शाळेची सहल बाहेर पडत होती. सगळ्या मुली काळ्या बुटांत. एप्रन घातलेल्या एक मावशी उरलेल्या चपला-बूट सरळ करत होत्या. आत मागच्या बाजूला ओसरी आणि तिच्यासमोर हातभर बाग, शेवाळ, एक लाल मेपल. आम्ही बसलो. मुग्धा तोंडातल्या तोंडात मुलाखतीची वाक्यं म्हणत होती.

उठून बाहेर आलो. सगळ्यांनी बूट घातले. मुग्धाच्या हातात एकच बूट.

"उजवा आहे," ती म्हणाली. "डावा नाहीये."

मांडणी वरपासून खालपर्यंत पाहिली. पुन्हा पाहिली. मग मी विचारलं, "दोन्ही शेजारीच ठेवले होतेस ना?"

ती एकदम लाल झाली. "नाही. एक मांडणीत आणि एक त्या छत्र्यांच्या टोपलीमागे."

"का गं?"

"आई सांगते ना... देवळात नवे बूट जोडीनं ठेवायचे नाहीत. एकट्या बुटाला चोर हात लावत नाही."

आपल्याकडे गर्दीच्या देवळाबाहेर मीही एक चप्पल पूर्वेला आणि एक पश्चिमेला ठेवलेली आहे. पण इथे एकटा बूट म्हणजे कुणाची तरी हरवलेली वस्तू, आणि हरवलेल्या वस्तूला हे लोक घटकाभरही बेवारस राहू देत नाहीत.

मी मावशींना विचारलं. त्यांचा हात तोंडावर गेला. छत्र्यांमागे एकटा काळा बूट दिसला, त्यांना वाटलं मघाच्या शाळेतल्या एखाद्या मुलीच्या पिशवीतल्या जादा जोडातला पडला. बिचारी शोधत असेल. म्हणून त्यांचे यजमान तो घेऊन सायकलवरून लगेच कोबानमध्ये (पोलीस चौकीत) गेले. चौकी नदीपलीकडे.

मी हे सगळ्यांना मराठीत सांगितलं.

"म्हणजे चोरानं नाही नेला," ओंकार म्हणाला, "पोलिसांनी नेला!"

सगळे हसले. मुग्धा हसली नाही. तिचे डोळे भरले होते. "तीन वाजायला आलेत काकू. मी अशी कशी जाऊ?"

मावशी कमरेत वाकून माफी मागत होत्या, मुग्धा रडकुंडीला येऊन त्यांची माफी मागत होती. दोघींचं हे बराच वेळ चाललं असतं. मी खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

"माझे घाल. सैल होतील, तर हा दुसरा मोजा वरून चढव."

"हे? जांभळे?"

"पायात बसतात, एवढं पुरे."

"आणि तुम्ही?"

मी मावशींकडे पाहिलं. मंदिराच्या आतल्या सपाता होत्या, तपकिरी, पुढे सोनेरी अक्षरांत मंदिराचं नाव. आतल्या सपाता घालून बाहेर जाणं इथे किती अशिष्ट, ते मला ठाऊक होतं, आणि मावशींना तर होतंच. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मग दोन्ही हातांनी एक जोड माझ्यापुढे ठेवला. तो संडासात वापरायच्या वेगळ्या सपातांचा नाही, एवढी खात्री मी करून घेतली.

"आता त्यांना फोन कर," मी मुग्धाला म्हटलं.

"पण मी पळत गेले तर कदाचित वेळेवर पोहोचेन!"

"कदाचित पोहोचशील. इथे उशीर झाल्यावर कळवत नाहीत, होण्याआधी कळवतात. कर."

"तुम्ही बोला ना काकू. फोनवर मला घाबरायला होतं. काय सांगू?"

"मला शिकायचंय का वर्ख? तू बोल. जे झालंय ते सांग."

तिनं नंबर लावला. उभ्या उभ्या, समोर कोणी नसताना, ती वाकली. मग सगळं सांगितलं: मंदिर, छत्र्यांची टोपली, आईचा नियम, चौकी. वाक्यं अडखळली नाहीत. मग पलीकडून एक म्हातारा, खरखरीत आवाज आला, इतका मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू गेला.

"दोन्ही बूट की एक?"

"एक," मुग्धा म्हणाली. "डावा."

पलीकडून उत्तर आलं, "या. इथे आल्यावर काढायचेच आहेत."

ती माझे जांभळे बूट फटफटवत ओंकारबरोबर गल्लीत पळाली. तिचा उजवा बूट माझ्या हातात राहिला.

त्या सपातांतून ओल्या दगडी रस्त्यावरून चौकीपर्यंत चालणं, हा माझ्या जपानमधल्या वास्तव्यातला सर्वांत नम्र प्रवास. समोरून येणाऱ्या प्रत्येकानं माझ्या पायांकडे पाहिलं आणि प्रत्येकानं न पाहिल्यासारखं केलं. पुलावर एक आजीबाई थांबल्या, सोनेरी अक्षरं वाचली, मागे मंदिराच्या दिशेनं पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि "पाऊस आहे, सांभाळून," एवढंच म्हणाल्या.

चौकीत एक तरुण पोलीस होता. डावा बूट टेबलावर एका प्लास्टिकच्या पिशवीत, चिठ्ठी लावून, ठेवलेला. मी उजवा शेजारी ठेवला. त्यानं दोन्ही निरखले.

"जोडी आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "आपले?"

"नाही. एका मुलीचे. ती मुलाखतीला गेलीय."

"कोणते बूट घालून?"

"माझे."

तो टेबलावरून वाकला आणि त्यानं माझे पाय पाहिले. "आणि या?"

"या मंदिराच्या. परत द्यायच्या आहेत."

तो थोडा वेळ विचार करत राहिला. बहुतेक हे प्रकरण नक्की किती पादत्राणांचं आहे, याचा. मग म्हणाला, "बूट ज्यांचे, त्यांनीच यायला हवं. बसा. चहा घेणार?"

मी बसले. चहा घेतला. उरलेल्या चौघांना फिरायला पिटाळलं तर तेही आईस्क्रीम घेऊन तिथेच दारात आले. आईस्क्रीमवर सोन्याचा अख्खा वर्ख होता. एकीच्या नाकाला चिकटला, दुसरीनं तो खरवडून खाल्ला. "काही चवच नाही काकू," म्हणाली. सोन्याला कसली चव? पण मी चाखून पाहिलं, आणि खरंच नाही.

मुग्धा आली तेव्हा चारही वाजून गेले होते. ओंकार तिच्या मागे, त्याच्या हातात तिची पर्स. आम्ही सगळ्यांनी एकदमच विचारलं. पोलीसही खुर्चीत पुढे सरकला.

कारखाना म्हणजे एक जुनं घर. मालक सत्तरीचे, सोबत त्यांची सून. मालकांनी मुग्धाचे हात पाहिले आणि अंगठी काढायला लावली. मग बांबूचा चिमटा दिला आणि म्हणाले, या गठ्ठ्यातला एक वर्ख उचलून त्या कातड्याच्या पाटावर ठेव. पहिला फाटला. दुसऱ्याचा चोळामोळा झाला. तिसऱ्याला ते म्हणाले, श्वास धरून ठेवू नकोस, हळूच सोड, वर्ख श्वासानंच सपाट होतो. तिसराही एका कोपऱ्यात दुमडला.

"मग मला ते झाडाचे दोर आठवले," मुग्धा म्हणाली. "चौथा मी चिमट्यात आवळलाच नाही. तो बसला."

"मग? काय म्हणाले?"

"आधी नुसते बघत राहिले. मग म्हणाले, विचार करून कळवतो. इथला एखादा नंबर द्या. मी तुमचा दिला, काकू. चालेल ना?"

"चालेल. नक्की हेच म्हणाले? विचार करून कळवतो?"

"हो."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. खोटं बोलणं मला जमत नाही. "इथे तसं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा नाही म्हणायचं असतं," मी म्हटलं. "आस लावून बसू नकोस."

"काकू, जरा दम धरला असता तर?" ओंकार मला पहिल्यांदाच न हसता म्हणाला. मुग्धानं मान डोलावली आणि डाव्या बुटाच्या पावतीवर सही केली.

मी माझे जांभळे बूट घातले. मंदिराकडे परत धाव घेतली तर दार बंद. चारलाच बंद होतं. दाराला सपाता अडकवून येणं मला बरं दिसेना. उगाच त्यांनाही कोणीतरी चौकीत नेलं असतं. त्या पिशवीत टाकल्या आणि आम्ही स्टेशन गाठलं.

परतीच्या गाडीत मुलं झोपली. मुग्धा जागी होती, तळहात पुढे धरून त्यावर हळूच श्वास सोडत होती. मी डोळे मिटल्यासारखं केलं. इतकी वर्षं इथे राहून मला वाटायला लागलंय, या लोकांचं न बोललेलं सगळं मला कळतं. कळत असेल. पण आज काही मोघम न ठेवता सगळं सरळ फोनवर सांगितलं होतं ते या मुलीनं, आणि तिला आत बोलावलं गेलं होतं. उएनोला नंदा लंगडत आली होती. तिच्या ताब्यात सहा जण आणि सहा कचऱ्याच्या पिशव्या देऊन मी घरी आले.

शनिवारी सकाळी बाटल्यांची पिशवी खाली ठेवून आले. मग मंदिराच्या सपाता पुसून, वाळवून, खोक्यात घातल्या. सोबत शंकरपाळ्यांची पुडी आणि मावशींना चार ओळी. माझा मुलगा नीरज सोफ्यावरून जपानीत म्हणाला, "आई, तू देवळातून चपला चोरल्यास?" मी मराठीत सांगितलं, तोंड धू. खोक्याला चिकटपट्टी लावत होते तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

एक तरुण बाई होती. कालच्या कारखान्यातून, मालकांची सून. सकाळी सकाळी त्रास देते याबद्दल तिनं बराच वेळ माफी मागितली. मग म्हणाली, सासऱ्यांनी एक विचारायला सांगितलंय. कारखान्यात वेगळे आतले बूट लागतात, ते माणसाच्या मापानं मागवावे लागतात, वसंतापर्यंत यायला हवेत. मुग्धा-सानच्या पायाचं माप काय?

मी खुर्चीवर बसले. माझे बूट चोवीस सेंटिमीटरचे. दोन मोजे चढवून तिला आले होते.

"साडेतेवीस," मी म्हणाले. "आणि नाडी नको."